नातीच्या पेढ्यांवरची बुरशी

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हा नियम ज्याने कोणी केला तो मला भेटला असता, तर मी त्याला भर चौकात उभा करून जाब विचारला असता. तो काही भेटला नाही. विहीणबाई मात्र भेटल्या.

लेकीचं बाळंतपण आमच्याकडे साताऱ्यात झालं. मुलगी झाली. बारशाला लेकीच्या सासूबाई सांगलीहून आल्या आणि निघताना म्हणाल्या, "व्याही, गल्लीत वाटायला बर्फी द्या हो बरोबर."

"बर्फी नाही. कंदी पेढे. पाच किलो."

"अहो, मुलगी झालीय."

"माहितीय. चष्मा लावूनच पाळणा हलवला मी."

डबा देण्याआधी मी तो देवापुढे ठेवला. तुळशीची मूठभर पानं पाण्यात बुडवून पेढ्यांवर घातली, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा खणखणीत श्लोक म्हटला आणि झाकण दाबून वर चिकटपट्टी गुंडाळली. माझ्या नातीचे पेढे! वाटेत वारासुद्धा लागता कामा नये.

आठ दिवसांनी फोन आला. "व्याही, पेढ्यांना बुरशी आलीय. हिरवीगार. सत्यनारायणाला आलेल्या बायकांसमोर डबा उघडला मी." आणि वर, "तरी म्हणत होते. रीत मोडली की असं होतं."

असं होतं म्हणजे? वीस दिवसांच्या पोरीने पेढे नासवले? माझी कानशिलं तापली. पण तो राग विहिणीवर काढण्याची सोय नसते. जावयांनी डबा परत आणून दिला, तसा मी तो बगलेत मारून पेढेवाल्याच्या दुकानात शिरलो. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मला गर्दी लागतेच.

"हे बघा! ओला खवा वळून पेढे म्हणून विकता? माझ्या नातीचं नाव घालवलंत तुम्ही!"

पेढेवाले म्हातारे. आवाज न चढवता त्यांनी डबा ओढून घेतला आणि चिमटीत एक काळपट, चिकट पान उचललं.

"आवं, ह्यो पाला मी घातला व्हय?"

गिऱ्हाइकं हसली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "तो नैवेद्य आहे."

"नैवेद्य दावा की. पर पान काढून, पेढे सुकवून झाकाण लावायचं. आमी खवा लाल हुईस्तवर भाजतो ते कशापाई? पानी आटावं म्हणून. पानीच न्हाई तर बुरशी जगंल कशावर? तुमी वरनं पानी दिलं आन् कोंडून ठिवलं." त्यांनी वरचा थर बाजूला केला. बुरशी जिथे जिथे पानं होती तिथेच होती. तळाचा एक पेढा फोडून त्यांनी खाल्ला. "ह्यो बघा, खडखडीत. आन् बर्फी तर लय वली असती. तिला चार दिस बी निघालं नसतं."

चार दिवससुद्धा नाही! बुरशी माझी होती, मान्य. पण बोल नातीला लागला होता, आणि तो अजून सांगलीतच होता.

दुसऱ्याच दिवशी नवे पाच किलो घेऊन मी एसटीने सांगली गाठली. विहीणबाईंसमोर उभा राहून सगळं कबूल केलं. पानं माझी, पाणी माझं, चिकटपट्टीही माझीच. "रीत मोडली म्हणून नाही हो. मी ओलं झाकलं म्हणून." त्यांनी झाकण उघडून पेढे नीट तपासले. पदर खोचला आणि डबा घेऊन बाहेर पडल्या. मी मागे.

पहिल्याच दारात शेजारीण हसली. "अगबाई, पेढे? दुसऱ्या सुनेला मुलगा झाला वाटतं!"

माझ्या तोंडाशी असं काही आलं होतं की ती गल्ली हादरली असती. पण विहीणबाई माझ्या आधी कडाडल्या.

"त्याच नातीचे आहेत. घ्यायचे तर घ्या, नाहीतर पुढचं दार आहे."