मापातला पाहुणचार

बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा अक्का तिथे चांगली मुरलेली होती. ती विजापूरकडची. घरी मराठी, बाहेर कानडी, आणि रागावली की दोन्ही एकदम. मी बेळगावची, त्यामुळे तिचं बोलणं मला पटकन कळे, आणि तिच्या हाताखाली माझी नेमणूक व्हायला एवढंच पुरलं असावं. बाईमाणसाने रॉकेटच्या नादी लागावं हे बसवनगुडीतल्या तिच्या शेजारणींना मुळीच पटत नसे. मला मात्र ती बेहद्द आवडायची, आणि हे मी तेव्हाही लपवलं नाही.

अंतराळातून येणारे किरण मोजायचं एक यंत्र तिने कित्येक वर्षं खपून तयार केलं होतं. आत काचेच्या नाजूक नळ्या. नळीतून किरण गेला की टक् असा आवाज. हे यंत्र एका परदेशी रॉकेटच्या टोकात बसून केरळच्या किनाऱ्यावरून वर जायचं होतं. रॉकेट त्यांचं, यंत्र आमचं, आणि दोघांच्या मध्ये धातूची दोन कडी: एक त्यांचं, एक आमचं. कड्यावर कडं ठेवायचं, भोकांसमोर भोकं आणायची आणि बोल्ट आवळायचे, एवढीच गोष्ट. ती आधी करून बघावी म्हणून त्यांचे एक इंजिनियर रॉकेटचं टोक घेऊन आमच्याकडे आले. आम्ही त्यांना पाहुणेच म्हणायचो. उंच, अबोल, उप्पिट्टू मागून घेऊन खाणारा माणूस.

कड्यावर कडं ठेवलं. पहिला बोल्ट बसला. दुसरा निम्मा गेला. तिसऱ्याच्या समोर भोकच नव्हतं.

शेडमध्ये नकाशे उघडले, पट्ट्या निघाल्या आणि भानगड काय ती कळली. आपल्या देशाने नुकतेच इंच-फूट सोडून मीटर घेतले होते. पाहुण्यांचा देश मात्र पक्का इंचवाला. त्यांना आपल्या मिलिमीटरचा ताप नको, म्हणून आम्ही कड्यावरची भोकं इंचांच्या हिशोबाने पाडली होती. आणि पाहुण्यांनी? भारताने नवी मापं घेतली आहेत, त्यांचा मान राखला पाहिजे, म्हणून आपल्या कुरकुरणाऱ्या कारागिरांकडून मुद्दाम मिलिमीटरमध्ये पाडून घेतली होती. दोघांनीही समोरच्याला कळवलं नव्हतं. उगाच उपकार केल्यासारखं दिसायला नको! भांडखोर माणसांच्या हातून ही चूक कधीच झाली नसती.

सगळे पोट धरून हसले. अक्का हसली नाही. पाहुण्यांची गाडी परवाची होती. जोडणी झाली नाही तर तिच्या यंत्राच्या जागी तेवढ्याच वजनाचा शिशाचा ठोकळा बसवून रॉकेट उडणार होतं. पुढचं रॉकेट कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता एका कड्याला नवी भोकं पाडणं आलं. आमचं कडं यंत्राच्या पेटीला कायमचं जोडलेलं. त्यावर ड्रिल चालवलं की आतल्या नळ्या हादरणार, एखादी फुटणारही. पाहुण्यांचं कडं सुटं होतं, पण ते त्यांच्या देशात तपासून, शिक्का मारून आलेलं. त्याला हात लावणं म्हणजे घरी जाऊन जाब देणं.

"आपलंच पाडा," आमचे मोठे साहेब हळूच म्हणाले. "पाहुण्यांना कसं सांगायचं?"

मला इतका संताप आला! मुलीकडच्यांनी वाकायचं असतं तसं हे बोलणं. पण अक्का मुकाट्याने उठली आणि आपली पेटी ड्रिलखाली नेऊ लागली. मला म्हणाली, "स्वल्प धर गं इकडून."

पाहुणे मध्ये आले. त्यांनी पेटी तिच्या हातातून घेतली, जपून टेबलावर ठेवली आणि आपलं शिक्क्याचं कडं ड्रिलखाली लावलं. मोठे साहेब "नको, नको" करत राहिले. दोन यानं वर आकाशात एकमेकांना जोडल्याची बातमी नुकतीच पेपरात आली होती. पाहुणे कडं आवळता आवळता त्याबद्दलच बोलले. "ती दोन्ही यानं एकाच देशाची होती. उद्या वर माणसं अडकतील आणि जवळ असेल ते यान दुसऱ्याच देशाचं असेल. तेव्हा दारं जुळली नाहीत तर? कुणाचं कडं कापायचं याची चर्चा करायला त्यांच्याकडे हवा उरेल का?"

मग ते अक्काकडे वळले. "तुमचं माप सांगा, मॅडम. इंचात."

अक्काने सांगितलं. एकेक भोक ती मोजून देई, ते पाडत. एवढ्या मोठ्या माणसाने आपली नोकरी अशी पणाला लावावी आणि वर त्याचा गाजावाजा करू नये, याचं मला तेव्हा नवल वाटलं, आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी कडं कड्यावर बसलं. सगळे बोल्ट गेले.

अक्काला किनाऱ्यावर जाता आलं नाही. तिथे बायकांची राहायची सोय नाही, असं कारण मिळालं. त्या कारणावर मी अजून चिडते. रॉकेट उडायच्या दिवशी आम्ही दोघी प्रयोगशाळेच्या ऑफिसात टेलिफोनपाशी बसून होतो. संध्याकाळी ट्रंक कॉल आला. पाहुणेच होते. अक्काने रिसीव्हर माझ्याही कानाजवळ धरला.

"ऐका," एवढंच ते म्हणाले. रॉकेटकडून आलेले आवाज त्यांनी टेपवर घेतले होते, आणि आता रिसीव्हर टेपपाशी धरला होता. खरखर. मग टक्. टक् टक्. मग दाट, पावसासारखं. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

लाइन जोडून देणाऱ्या एक्स्चेंजच्या मुलीला शंका आली. कुणीच बोलत नाही, कॉल तोडू का, असं तिने कानडीत विचारलं.

"बेडम्मा, बेडम्मा!" अक्का ओरडली. "तोडू नको. बोलतंय ते!"