अकरा पानांची साक्ष

मस्कतला उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत अकरा पानांची साक्ष तयार होती. साक्षीदाराला भेटायचं तेवढं राहिलं होतं.

एकाहत्तर साली पूर्व बंगालात झालेल्या कत्तलींच्या खटल्यांसाठी ढाक्याच्या एक वकीलबाई देशोदेशी मदत मागत होत्या, पांगलेले साक्षीदार शोधत होत्या. त्यांतले मतीनचाचा ओमानमधल्या निझवा गावात शिंपीकाम करतात असं कळलं आणि मी पुण्याहून निघालो. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला माणूस मी. अन्याय दिसायच्या आधीच माझी लेखणी धावते.

मस्कतच्या अल् खुवैर भागात राहणारा माझा मावसभाऊ, राजापूरचा सुहासदादा, पहिलं पान वाचून म्हणाला, "'रक्तपिपासू' तीनदा आलंय. हे चाचा बोलले?"

"बोलतील."

"यल्ला (चला)," म्हणत त्याने गाडी काढली.

वाटेत उघडेबोडके डोंगर, मग एकाएकी खजुरीची हिरवी दाटी. सूकजवळ (बाजाराजवळ) चाचांचं दुकान. भिंतीवर दिशदाशा (पायघोळ अंगरखे) आणि भारतीय शाळेचे गणवेश. चाचांनी खजूर दिले, मग कहवा (वेलदोड्याची कडू कॉफी). कप रिकामा झाला की ते भरत. 'पुरे' म्हणायला कप हलवायचा असतो, हे दादाने सातव्या कपाला सांगितलं.

"आधी का नाही बोललास?"

"तुझ्या भाषणात जागा कुठे होती?"

चाचांची एका डोळ्याची नजर गेली होती, दुसऱ्याची चालली होती. सही हवी तर आताच. मी हिंदीत साक्ष वाचू लागलो. ते काज करत ऐकत राहिले. पाचव्या पानावर सुई थांबली.

"बाबा, यात नुरुल कुठाय?"

"कोण नुरुल?"

"माझा भाऊ."

अकरा पानांत मानवता होती, इतिहास होता, साम्राज्यशाहीचे चार प्रकार होते. नुरुल नव्हता.

"वकीलबाई काय विचारतील?"

"तुम्ही काय पाहिलंत, एवढंच."

"मग हे खलास (संपलं). नवीन कागद घे."

मी घेतला. चाचा सांगत गेले. "नदीकाठी सापडला तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. शर्टाचं वरून दुसरं काज तिरकं होतं. मी केलेलं, आयुष्यातलं पहिलं. नुरुल त्याला हसायचा, पण घालायचा तोच शर्ट. त्यावरून ओळखला. त्याला घरातून नेणाऱ्यांत आमचा शेजारी होता. त्याचं नाव लिही."

मी 'क्रूर शेजारी' लिहून वाचून दाखवलं.

"'क्रूर' काढ. ते न्यायाधीश बघतील. तू नाव नीट लिही."

पान संपलं. चाचांनी बंगालीत सही केली आणि माझी अकरा पानं उलटून पाहिली. "पाठकोरी आहेत. ठेवून जा, शाळेच्या गणवेशांच्या कॉलरचे खाके होतील."

दादा गाडीपर्यंत हसत होता. "बघ, तुझं लिखाण शाळेत लागलं!"

परतीच्या विमानात हवाईसुंदरी म्हणाली, बॅग वर ठेवा. मी बॅग दिली, पान हातात ठेवलं. घरी येऊन वकीलबाईंना पाठवताना सोबतच्या पत्रातलं 'अमानुष' खोडलं. साक्षीतलं काज मात्र दोनदा तपासलं: वरून दुसरं, तिरकं.