येऊन राहिले

समुद्र बाबांनी जन्मभर पुस्तकातच पाहिला. नागपूरच्या माणसाला समुद्राचं तसं काही काम पडत नाही. पण बाबांचं पडायचं. शहरातल्या सदर भागात एका सरकारी ऑफिसात फायलींवर शेरे मारत नोकरी केलेला हा माणूस घरी आला की थेट किल्ल्यांत राहायला जायचा. कुठल्या किल्ल्याला किती बुरूज, चोरवाट कुठे, टाकं कुठे, हे त्यांना विचारावं लागत नसे, ते आपणहून सुरू व्हायचे. सगळ्यांत जास्त सांगायचे सिंधुदुर्गाचं. "चहूकडून खारं पाणी अन् मधात गोड पाण्याच्या विहिरी! विचार कर वं," असं आईला म्हणायचे. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "करून राहिली विचार. तुम्ही पहिले पिण्याचं पाणी भरा."

जायचं मात्र कधी झालं नाही. आधी आमच्या शाळा, मग आमची लग्नं, मग आईचे गुडघे. बाबा निवृत्त झाले, त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून सदरला गेले. आपल्या जुन्या खोलीत शिरले, दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. तिथल्या लोकांनी पाणी दिलं, चहा पाजला आणि मग माझ्या भावाला फोन केला. भाऊ त्यांना गाडीवर बसवून घरी घेऊन आला तेव्हा ते संतापले होते. साहेबाले न विचारता मले काहून उठवून आणलं, असं सारखं म्हणत होते.

डॉक्टरांनी सांगितलं ते वेगळं काही नव्हतं. औषधाने उतरण जरा हळू होईल, पण गेलेलं परत यायचं नाही. ते ऐकून माझं डोकं एकदम कामाला लागलं. दाराला बाहेरून कडी लावायची, त्यांच्या खिशात पत्ता ठेवायचा, दिवसा कुणीतरी जवळ राहायचं. आईचं डोकं भलतीकडेच धावलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली, "आता त्याहिले समुद्रावर नेऊ. ओळखू येते तोवर नेऊ. मंग किल्ला दाखवला काय अन् घराची भिंत दाखवली काय, सारखंच."

मी कडाडून विरोध केला. घरातल्या घरात मोरीचं दार चुकणाऱ्या माणसाला राज्याच्या दुसऱ्या टोकाला नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता आणि मी तो शब्द वापरला. आई म्हणाली, "तुले नसन यायचं तर नको येऊ." आमच्या घरात या वाक्यानंतर वाद संपतो. भावाने तिकिटं काढली. त्याला सहल म्हटलं की पुढचं काही दिसत नाही.

गाडीत बाबा दर थोड्या वेळाने विचारायचे, "आपण कुठं जाऊन राहिलो?" भाऊ सांगायचा, सिंधुदुर्ग पाहायला. आणि दर वेळी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा फुलायचा. शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, किती आनंदी आहेत हो तुमचे वडील. मला तो आनंद बघवत नव्हता. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

मालवणातले पहिले दोन दिवस मात्र चांगले गेले, हे कबूल करायला हवं. सकाळी नाश्त्याला पोहे आले. आईने वेटरला हाक मारून सांगितलं, "यावर थोडा सांबार टाकून आणा." त्याने आदराने वाटीभर इडलीबरोबरचं सांबार आणून पोह्यांवर ओतलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार! आई त्या पिवळ्या चिखलाकडे बघत राहिली आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाऊ पाण्यातल्या सगळ्या खेळांत बसून आला, उलटा पडला, नाकातोंडात पाणी घेऊन परत आला. संध्याकाळी आम्ही चौघे किनाऱ्यावर चालायला गेलो. बाबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि ओरडले, "खारंच आहे वं!" जसं काही इतकी वर्षं त्यांना पुस्तकांवर थोडा संशयच होता. आई चपला हातात घेऊन हसत उभी होती. तिच्या लुगड्याचा काठ भिजला तरी तिचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर गेलो. होडी तटाच्या अगदी जवळ आली तरी दरवाजा दिसेना. सगळे तिकडे बघत होते आणि बाबा उठून उभे राहिले. होडीवाल्याने खाली बसा म्हटलं, पण ते सांगायला लागले होते. बुरूज असे वळवून घेतले आहेत की दरवाजा त्यांच्या आड जातो. शत्रू समोर येऊन उभा राहिला तरी त्याला आत कुठून शिरायचं ते कळत नाही. आवाज खणखणीत होता. एक शब्द अडखळला नाही. आत गेल्यावर तर ते आमच्यापुढेच चालले. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरींची नावं त्यांनी पाट्या वाचायच्या आत सांगितली. पुण्याकडचं एक कुटुंब आपला गाईड सोडून आमच्यामागे आलं. विहिरीचं पाणी कुणीतरी ओंजळीत दिलं, ते बाबांनी आधी आईपुढे धरलं. "पी वं. गोड आहे का नाही सांग." आई प्यायली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. बघ, असं ती म्हणाली नाही, पण मी बघितलं. मी हरले होते आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

त्या आनंदानेच आमचा घात केला. सकाळपासून बाबा इतके पूर्वीचे बाबा होते की आम्ही सगळे पूर्वीसारखे वागायला लागलो.

परतायची वेळ झाली तेव्हा वारा वाढला होता. ज्या होडीने आलो तिनेच परत जायचं असतं, त्यामुळे आमचा होडीवाला धक्क्यावरून हाका मारत होता. बाबा दरवाजाच्या कमानीत थांबून वर बघत होते. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," ते भावाला म्हणाले. पूर्वी हजारदा म्हणाले असतील तसंच. आईच्या गुडघ्यांना हलत्या होडीत चढणं जमेना, म्हणून भाऊ तिला धरायला पुढे आला. मी होडीत उभी राहून तिचा दुसरा हात ओढत होते. तेवढ्यात होडीवाल्याने विचारलं, "तुमचे बाबा?" भावाने मागे न बघता उत्तर दिलं, "येऊन राहिले."

होडीवाल्याने दोर सोडला.

होडीच्या पुढच्या टोकाला कुणा दुसऱ्याचे म्हातारे वडील बाबांसारखीच पांढरी टोपी घालून आमच्याकडे पाठ करून बसले होते, मला ते बाबाच वाटले. इंजिन सुरू झालं, होडी वळली, आईने पदर सावरला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाली, "हे कुठं आहेत?"

भाऊ ओरडला. मी ओरडले. होडीवाला गोंधळून म्हणाला, "अहो, मी विचारलं ना? तुम्हीच म्हणालात, येऊन राहिले."

"येऊन राहिले म्हणजे येत आहेत!" भाऊ किंचाळला.

"आमच्याकडे येवन रवले म्हणजे येवन बसले," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या भाषेत राहणं म्हणजे राहणंच. आमच्या भाषेत जेवून राहिलो म्हणजे ताट अजून समोर आहे, आणि येऊन राहिलो म्हणजे माणूस अजून वाटेवर आहे. त्या भर पाण्यात दोघेही मराठीच बोलत होते. मला दोघांचीही थोबाडं फोडावीशी वाटत होती.

परत लावा म्हटलं तर तो लाटांकडे हात करून म्हणाला, आता धक्क्याला लावली तर खडकावर आपटेल, तिथे दुसरी होडी भरते आहे, तिच्यातून त्यांना आणतील. त्याने मागच्या होडीला ओरडून सांगितलं. ते वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटलं नाही. आई तटाकडे बघत होती. आम्ही जरा दूर आलो आणि दरवाजा बुरुजांच्या आड गेला. नुसती काळी भिंत उरली. बाबांनी सकाळी समजावून सांगितलं होतं, अगदी तस्संच झालं. इतक्या हुशारीने बांधलेल्या त्या किल्ल्याची मला शिसारी आली.

मागची होडी आली. तिच्यात बाबा नव्हते. होडीवाले म्हणाले, एक आजोबा कमानीत होते, चला म्हटलं तर म्हणाले, माझी माणसं यायची आहेत. त्यानंतर वारा आणखी वाढला आणि होड्या बंद झाल्या. किनाऱ्यावरून किल्ला इतका जवळ दिसत होता की हाक मारली तर पोचेल असं वाटावं. भाऊ डोकं धरून वाळूत बसला होता. मी त्याला काय वाटेल ते बोलले. माझं बोलून झालं तरी तो वाळूच उकरत राहिला, म्हणून मी आणखी बोलले.

होडीवाला आम्हाला सोडून गेला नाही. किल्ल्यावर कोकम सरबत विकणाऱ्या एका बाईंना त्याने फोन लावला. त्या म्हणाल्या, आजोबा सावलीत बसवलेत, पाणी प्यायले, पण सारखे विचारतात, साहेब आले का? आईने फोन हिसकून घेतला. पलीकडे वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, तरी ती मोठ्याने म्हणाली, "अहो, हलू नका तिथून. आम्ही येऊन राहि..." आणि थांबली. मग म्हणाली, "आम्ही येतो. येत आहोत आम्ही." सारं आयुष्य जी बोली बोलली ती तोंडातच दुरुस्त करणारी आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती तिच्या तोंडी किती परकी वाटली ते मला सांगता येणार नाही.

त्या सहलीतून बाबा परत आलेच नाहीत, असं मी आता कधी कधी बोलून जाते. ऐकणाऱ्याला वाटतं ते बुडाले. मग मला सगळं सांगावं लागतं, की नाही, आहेत, घरीच आहेत, दोन वेळ जेवतात.

उन्हं कलायच्या सुमाराला वारा पडला. होडीवाला म्हणाला, चला, मीच नेतो. आईला किनाऱ्यावरच थांब म्हणून आम्ही विनवलं, पण ती आमच्याआधी होडीत चढली, कुणाचा हात न धरता.

बाबा दरवाजाच्या आतल्या पायरीवर बसले होते. शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावलेलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. साहेबांच्या खोलीबाहेर बोलावण्याची वाट बघत बसावं तसे. रडलेले नव्हते, घाबरलेलेही दिसत नव्हते. भाऊ त्यांच्या पायांशी बसून हुंदके द्यायला लागला तर त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सरबतवाल्या बाईंना विचारलं, "काय झालं जी याले? काहून रडून राहिला?" मी म्हटलं, बाबा, चला. ते लगेच उठले. कुणीही चला म्हटलं असतं तरी उठले असते.

होडीत आम्ही तेवढेच होतो. भाऊ आणि मी मागे बसलो. आई बाबांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी तो हळूच सोडवून घेतला. रागाने नाही. परकी बाई चुकून खेटून बसली तर भला माणूस जसा आपणच सरकून तिला जागा करून देतो, तसे ते फळीवर थोडे सरकले आणि समोर पाण्याकडे बघायला लागले. आई बोलत राहिली. भूक लागली का, डोकं दुखते का, ऊन लागलं का. ते मान न वळवता ऐकत होते. मग एकदम त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर जिला "अवं" आणि "काय वं" म्हटलं तिला त्यांनी विचारलं, "तुम्ही नागपूरकडच्या का जी? बोलणं आमच्याकडचं वाटते."

आई म्हणाली, "हो."

"बरं झालं भेटल्या," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा केवढा मोकळा झाला! "तिकडं गेल्या तं आमच्या घरी एवढा निरोप सांगजा. म्हणा, मी बरा आहो. बायको एकटीच आहे घरी, लई घोर करते ती."

"सांगीन," आई म्हणाली.