तीन दिवसांनी आलेली खबर

परवा शेताकडून ओल्या चिखलाचा वास आला. सून काहीतरी विचारत होती, पण मी मनाने सासरी, नाकाडोंगरीच्या धानाच्या बांधीत जाऊन उभी राहिले होते, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात.

रोवणा चालू होता. आम्ही बाया गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावत होतो आणि गात होतो. सगळ्यांत मोठा आवाज माझा. तेवढ्यात धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, माझा मोठा भाऊ येताना दिसला. मी चिखलातूनच धावले.

"दादा, मले माहेरी, सिहोऱ्याले न्याले आला का?"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, माय गेली."

"कवा?"

"तीन दिवस झाले. नदीले पूर होता, येताच आलं नाही."

आई जाऊन तीन दिवस झाले होते आणि मी गात होते, हसत होते. हातातली रोपांची पेंडी मी त्याच्या अंगावर फेकली. "माह्यासाठी थांबले काहून नाही?"

त्याने अंगावरचा चिखल पुसला आणि वाट धरली. सिहोऱ्यापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या फुटलेल्या टाचा वाटभर माझ्यापुढे चालत होत्या. आईला अग्नी देऊन, पूर ओसरेपर्यंत काठावर बसून तो पायी आला होता, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

गेल्या वर्षी दादा गेला, तेव्हा मोबाइलवर लगेच कळलं. तासाभरात मी गाडीने त्याच्या उशाशी पोचले.

"दादा, माहं चुकलं," मी त्याच्या कानाशी म्हटलं. तो होता तेव्हा कितीतरी श्रावण हे शब्द माझ्या ओठांपर्यंत येऊन परत गेले होते.