खोकला थांबेपर्यंत

माझ्या मुलीचा स्वेटर मोठ्या मॅडमनी दोन बोटांत धरला आणि सगळ्या पालकांसमोर वर उचलला.

"हा वास बघा," त्या म्हणाल्या. "लाकडाचा धूर. असं मूल वर्गात आलं की बाकीची मुलं आजारी पडणारच."

हिवाळ्यातली पालकसभा होती. तलासरीत हायवेच्या बाजूची इंग्लिश मीडियमची शाळा. मोठ्या मॅडम तिथल्या मुख्याध्यापिका. रविता दुसरीत होती. पुढे सतरंजीवर मुलांमध्ये बसलेली. ऊन चढलं म्हणून तिने स्वेटर काढून मांडीवर घेतला होता. मॅडमनी तो तिच्या मांडीवरूनच उचलला. रविताने हात पुढे केला. तिला वाटलं, परत देतील.

एका बाईने ओढणी नाकाला लावली. एका वडिलांनी आपल्या मुलाला खुणेने जवळ बोलावलं. रविताच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी झाली. मागून कोणीतरी बोललं, "पंचवीस टक्केवाली आहे." हळू आवाजात, पण मला ऐकू येईल एवढ्या.

हो, पंचवीस टक्क्यांतली. सरकारच्या कायद्याने गरिबांच्या पोरांसाठी ठेवलेल्या जागांतून तिला त्या शाळेत जागा मिळाली होती. आमच्या पाड्यातून त्या शाळेत गेलेली पहिली मुलगी. मी आश्रमशाळेत दहावी झालेली. उंबरगावच्या कंपनीत पेन्सिली डब्यांत भरायचं काम करते. नवरा गुजरातच्या बोटीवर खलाशी, पावसाळ्यानंतर जातो तो उन्हाळ्यात येतो. घरी सासू, मी आणि रविता.

स्वेटर दाखवायच्या आधी मॅडमनी हिवाळ्याच्या सूचना वाचल्या होत्या. खेळांच्या स्पर्धा कधी, स्नेहसंमेलन कधी, संक्रांतीला तिळगूळ कोणी आणायचा. मग तब्येतीच्या गोष्टी. मुलांना कोमट पाणी द्या. रात्री हळदीचं दूध द्या. सुका मेवा द्या. दारं-खिडक्या नीट बंद करून झोपवा. गार वारा लागू देऊ नका.

मी मान हलवत ऐकत होते. सगळे हलवत होते तशी.

आमचं घर कसं होतं ते सांगते. त्या वर्षी दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आधी खालून आवाज यायचा, सुरुंग फुटल्यासारखा. मग भांडी वाजायची. मग भिंत. धुंदलवाडी, तलासरी, सगळीकडे तेच. आमचं घरकुल मिळून फार दिवस झाले नव्हते. त्याच्या मागच्या भिंतीला एवढी फट पडली की हात आत जायचा. साहेब लोक आले, बघून गेले. घरात झोपू नका म्हणाले. तेव्हापासून सगळा पाडा बाहेर. बांबू रोवले, वर ताडपत्री टाकली. दव एवढं पडायचं की सकाळी गोधडी पिळावी लागायची. पोरं काकडू नयेत म्हणून शेकोटी रात्रभर जळती ठेवायची. धूर गोधडीत, केसांत, स्वेटरमध्ये.

गावात ज्यांच्याकडे गाड्या होत्या, ते वापीला, वलसाडला पाहुण्यांकडे जाऊन झोपत होते. दिवसा परत येत होते. धक्के त्यांनाही माहीत होते. आम्ही बाहेर झोपतो हेही माहीत होतं. पेपरात फोटो येत होते आमचे.

हे सगळं मी सभेत बोलायला पाहिजे होतं असं लोक म्हणतात. बोलता आलं नाही. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि तिथे मला रडायचं नव्हतं. मी उठले, मॅडमच्या हातातून स्वेटर घेतला, रविताला घातला. तिचं अंग गरम लागलं. उन्हाने असेल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती खोकत उठली. सासूने अडुळशाचा काढा दिला. मी सुट्टी घेतली असती, पण कंपनीत गैरहजर राहिलं की दुसरी बाई उभीच असते. रविताही ऐकेना. स्पर्धेत लिंबू-चमच्यात तिचं नाव होतं. ती शाळेत गेली. त्या दिवशी गेली, मग रोज गेली. रोज जास्त गप्प होऊन आली.

मग एका सकाळी ती उठलीच नाही. श्वास घेताना बरगड्यांच्या मधे खळगा पडत होता. नाकपुड्या फुगत होत्या. सासू म्हणाली, पोर हातातून चालली. शेजाऱ्याच्या रिक्षातून सरकारी दवाखान्यात आणली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहराच बदलला. न्युमोनिया म्हणाले. मग मला विचारलं, एवढा ताप असताना हिला गार वाऱ्यात कुठे ठेवलं होतं?

मी ताडपत्रीचं सांगायला लागले. रविताने ऑक्सिजनचा मास्क हाताने सरकवला.

"शाळेत, आये. व्हरांड्यात."

तिला बोलायला धाप लागत होती. मी म्हटलं, नको बोलू. तरी बोलली. वर्गातल्या बाईंनी तिला बाहेर बसवलं होतं. सभेनंतर रोज. खाली पोतं टाकून. उत्तरेकडचा व्हरांडा, तिथे दुपारपर्यंत ऊन येत नाही. खिडकीतून फळा दिसायचा, पण अर्धाच.

"बाई म्हणाल्या, खोकला थांबला की आत ये," ती म्हणाली. "मी तोंड दाबून धरायची. थांबलाच नाही."

मला का नाही सांगितलंस, हे मी तिला विचारलं नाही. तिने माझा चेहरा सभेत पाहिला होता.

वॉर्डात आमच्यासारखी पुष्कळ होती. सगळी पाड्यांवरची. सगळ्यांच्या गोधड्यांना तोच धूर. खाटा कमी, एकेका खाटेवर दोन पोरं. माझ्या शेजारची आई उधव्याकडची होती. तिचं बाळ दुपारी गेलं. ती रडली नाही. बाळाला लुगड्यात गुंडाळून तशीच बसून राहिली, गाडीची वाट बघत.

ती बसलेली असतानाच धक्का आला. मोठा. खालून तो आवाज, मग खिडकीच्या काचा, मग सलाइनच्या बाटल्या एकमेकींवर आपटायला लागल्या. सगळे पळाले. आयांनी आपापली पोरं उचलली, नळ्या ओढून काढल्या, नर्सही पळाल्या. त्यांचीही पोरं घरी असतील. रविताला ऑक्सिजन लावलेला. तो काढला असता तर जिन्यापर्यंतही ती टिकली नसती. मी खाटेवर चढले आणि तिच्यावर ओणवी झाले. माझ्या पाठीवर छताचा चुना पडला. खाली तिचा श्वास घरघरत होता. वॉर्डात आम्ही दोघी, आणि मेलेलं बाळ घेऊन बसलेली ती. तीही उठली नाही.

मला वाटलं, आता इथेच संपणार. देवाचं नाव आलं नाही तोंडात. मला मोठ्या मॅडमची ती दोन बोटं दिसली. माझ्या पोरीला घाण समजून धरलेली. आणि एवढा राग आला की भीतीला जागाच उरली नाही. जमीन हलते त्याला कोणी काही करू शकत नाही. पण व्हरांड्यात पोतं माणसाने टाकलं होतं. वाऱ्यात माणसाने बसवलं होतं. आणि मी मान हलवून घरी आले होते.

जमीन थांबली. छत राहिलं. रविताही राहिली, पण पूर्वीसारखी नाही. एका फुफ्फुसात डाग राहिला आहे. जिना चढताना मधे थांबते. थंडी आली की रात्री तिचा श्वास मोजत मी जागी असते.

ती घरी आल्यावर शाळेतून निरोप आला, आईला भेटायला बोलावलंय. मोठ्या मॅडम त्या दिवशी गोड बोलल्या. तब्येत विचारली. मग म्हणाल्या, तुमच्या पाड्याजवळच जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिकडची मुलंही तिच्यासारखीच, तिला तिथे बरं वाटेल. तुम्ही शाळा सोडल्याचा दाखला मागा, आम्ही लगेच देऊ. क्लार्कने कागद माझ्यापुढे सरकवला होता. सही तेवढी बाकी.

मी कागदाला हात लावला नाही.

"दाखला मी मागणार नाही," मी म्हटलं. "तुम्हाला काढायची असेल तर तुम्ही काढा, आणि का काढली ते लिहून द्या."

मॅडम म्हणाल्या, "मी तिच्या भल्यासाठी सांगतेय."

"भल्यासाठी वाऱ्यात बसवलंत?"

त्यांनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्क खाली बघत होता. मग त्या म्हणाल्या की असं काही झालेलं नाही, मुलं काहीही सांगतात.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "उद्या ती येईल. वर्गात बसेल. बाहेर बसवलंत तर मी तिच्या शेजारी बसेन. तुमच्या गेटमधून जो आत येईल त्याला सांगेन, मी इथे का बसले आहे."

"तुम्ही मला धमकी देता?"

"नाही. सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. रविताचा हात धरून वर्गापर्यंत गेले आणि दारात उभी राहिले. बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. एकटीला. आत बसवलं. मी शाळा सुटेपर्यंत गेटपाशी होते. कंपनीत माझ्या जागी दुसरी बाई आली. तेव्हा कळलं की जे गमावायची भीती होती ते गेलं, आणि मी उभीच आहे.

कोणी माफी मागितली नाही. मॅडम आजही तिथेच आहेत. रविताच्या बाकावर अजून कोणी बसत नाही. घरी येऊन ती खेळातल्या बाहुलीला म्हणते, सरक, लांब बस. 

पुढच्या वर्षी प्रवेशाचे दिवस आले तेव्हा पाड्यातल्या दोघी माझ्याकडे आल्या. पोरांना त्या शाळेत घालावं का, म्हणून विचारायला. एकीने विचारलं, तिथे वागवतात तरी नीट?

मी खोटं सांगितलं नाही. म्हटलं, नाही वागवत. तुमच्या पोरांना हाडतुड करतील. तुम्हालाही करतील. पोरं रडत येतील, तुम्ही रडाल. तरी घाला. सकाळी तिघी मिळून जाऊ, पोरं वर्गात बसलेली बघू, मगच गेटबाहेर पडू. आणि दाखला कोणी मागायचा नाही.