सातव्या सभासदाचा शेरा

हिरोसे किनुएच्या दुकानात त्या आठवड्यात काही धड चाललं नव्हतं. एके काळी भाड्याने वाचायला देत असत ती चित्रकथांची जाडजूड पुस्तकं तिने तीनदा कपाटांतून उतरवली आणि तीनदा होती तिथेच लावली. चहाला पाणी ठेवायचं आणि विसरायचं. ओसाकाहून मुद्दाम आलेल्या गिऱ्हाइकाला तिने "आज नको, पुढच्या आठवड्यात या" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. त्सुयामासारख्या गावात जुन्या चित्रकथा विकणाऱ्या बाईला हा तोरा परवडण्यासारखा नव्हता, पण तिला सांगणार कोण?

एकोणसत्तर वर्षांच्या किनुएची नजर मात्र भलती तिखट होती. एखाद्याने मूळ चित्राचं पान आणलं की ती ते खिडकीशी तिरपं धरायची. टाक कुठे दाबला, चुकलेली रेषा पांढऱ्या रंगाखाली कुठे लपवली, कुठली पेन्सिल खोडायची राहिली, हे ती बोट न लावता सांगायची. छापलेल्या पानावर यातलं काही उरत नाही, म्हणून छापील पानांवर तिचा जीव थोडा कमीच होता. "चूक दिसली की चित्रकार भेटतो," असं ती म्हणे. तिने स्वतः मात्र सतराव्या वर्षानंतर एक रेघही ओढली नव्हती. कोणी विचारलं तर "हात नव्हता मला" एवढंच सांगून विषय बदलायची.

या सगळ्या बेचैनीचं कारण होतं एक पोस्टकार्ड. ओरितो मासाहारू या फक्त पत्रांतून ओळखीच्या माणसाने लिहिलं होतं, "आपल्या 'झुळूक'चे पाच सभासद अजून हयात आहेत. रविवारी दुपारी ओकायामाला स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात भेटू. मारुगामेहून उकाई मिचियोही येतेय."

शेवटचं वाक्य किनुएने पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

"जायचं तर जा, नाहीतर जाऊ नकोस," नवरा तेइजी वैतागून म्हणाला. "पण माझा चष्मा कुठल्या कपाटात लावलास तेवढं सांग."

"अहो, तुम्हाला काही कळत नाही."

"न कळायला काय झालं? किमोनोच्या खणात तळाशी एक पुडकं आहे. लग्न होऊन आलीस तेव्हापासून आहे. दर वर्षी किमोनो उन्हात घालतेस तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसतेस. आजवर मी विचारलं का?"

किनुए मटकन खाली बसली. मग तिने त्याला सगळं सांगितलं.

'झुळूक' हे मासिक छापलेलं नव्हतंच. अकरा पोरंपोरी, अकरा गावांतली, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली. प्रत्येकाने आपली चित्रकथा काढून ओरितोकडे पाठवायची. तो ती मूळ पानं दोऱ्याने शिवायचा आणि त्या एकुलत्या एका अंकाचं पुडकं टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरायचं. शेवटी कोरी पानं असत. ज्याच्याकडे अंक येईल त्याने प्रत्येक कथेवर आपला शेरा लिहायचा आणि पाच दिवसांत पुढच्याला रवाना करायचा. किनुए सातवी. आठवी उकाई मिचियो.

बावन्न वर्षांपूर्वी अंक किनुएच्या हाती आला तेव्हा त्यात तिची स्वतःची आठ पानं होती. आधीच्या सहा जणांनी त्यावर "ठीक", "हात नीट जमलेले नाहीत" असं काहीबाही लिहिलं होतं. आणि मिचियोच्या सोळा पानांना सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं. नदी ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या घोडीची गोष्ट होती. किनुएने ती पानं पाहिली आणि तिला रडू आलं, कौतुकाने की हेव्याने हे तिला तेव्हाही कळलं नाही. पातळ कागद ठेवून ती गिरवायला बसली. पाचाचे पंधरा दिवस झाले. मग एकदा टाक झटकला आणि अकराव्या पानावर, घोडीच्या पोटावर, शाईचा थेंब पडला. तिने अंक मिटून ठेवला. ओरितोचं विचारणा करणारं कार्ड आलं तेव्हा तिने उत्तर दिलं, "मी कधीच पाठवला. साध्या टपालाने पाठवला, चुकलंच माझं." ओरितोने सर्वांना कळवलं की अंक टपालात हरवला. त्यानंतर कोणी आपली मूळ चित्रं पाठवायला धजेना आणि 'झुळूक' थांबलं.

तेइजी ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "त्या बाईचं आहे ते. नेऊन दे. आणि चष्मा सापडला तर बघ."

रविवारी ओकायामाला पोचेपर्यंत किनुएने परत फिरायचा बेत चारदा केला.

"आली बघा आमची सात नंबर!" यायची ती एकटीच राहिली होती, म्हणून ओळखून पांढऱ्या मिश्यांचा ओरितो ती दारात असतानाच ओरडला. "टपालखात्याने हिचाच घात केला!" टेबलाशी बसलेले दोघे म्हातारे हसले. त्यांच्या पलीकडे बारीक कापलेल्या केसांची एक ठेंगणी बाई होती. तीच मिचियो. चाळीस वर्षं पंख्यांच्या बांबूच्या काड्यांवर कागद चिकटवून तिची बोटं चपटी झाली होती.

किनुए बसलीच नाही. तिने पुडकं टेबलावर ठेवलं.

"टपालखात्याचा काही दोष नव्हता. मीच ठेवून घेतला होता."

ओरितोचं हसू ओठांवरच राहिलं. "बावन्न वर्षं? अहो किनुएसान, पाच दिवसांचा नियम होता."

कोणी हसलं नाही. मिचियोने दोरा सोडला. स्वतःची सोळा पानं तिने नुसती उलटली, त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. ती थेट मागच्या पानांवर गेली आणि वाचू लागली. पहिला शेरा, दुसरा, तिसरा. वाचताना तिचे ओठ हलत होते. समोरची कॉफी तशीच गार झाली.

"हे माझ्याबद्दल लिहिलंय?" तिने विचारलं. "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी," ओरितो म्हणाला.

"तुमचं पत्र आलं होतं, ओरितोसान. अंक हरवला म्हणून. मला वाटलं, तुम्ही माझी समजूत काढताय. चित्रं इतकी टाकाऊ की कोणाला चार ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत, आणि पोरीला ते तोंडावर कसं सांगायचं, म्हणून हरवल्याचं कळवलंत. भला माणूस असंच सांगतो ना?"

"अहो, पण मला खरंच वाटलं होतं की हरवला!"

"मी कुठे राग धरला? मी आभाराचं उत्तर पाठवलं तुम्हाला. आणि टाक, दौत, सगळं शेजारच्या मुलीला देऊन टाकलं."

किनुएच्या कानांत गरम वाफ शिरल्यासारखं झालं. आपण कागद चोरले, एवढाच तिचा इतकी वर्षं समज होता. चोराला जी बोलणी बसतात ती खायची तयारी करून ती आली होती. यासाठी तिची काहीच तयारी नव्हती. तिने कपाळ टेबलाला टेकवलं. "मला माफ करा," ती म्हणाली.

"माफीचं मागाहून बघू," मिचियो म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "इथे सहाच शेरे आहेत. सातवा कुठाय? सातव्याने लिहिल्याशिवाय आठव्याने अंक घ्यायचा नसतो."

ओरितोने खिशातलं पेन पुढे केलं. किनुएने लिहिलं, "असं मला कधी जमलं नसतं. हेवा वाटला म्हणून मी अंक ठेवून घेतला. मी वाईट वागले."

मिचियोने चष्मा नाकावर चढवून ते वाचलं.

"हे काय? शेरा चित्रांवर लिहायचा असतो, स्वतःवर नाही. खोडा ते."

किनुएने तीनही ओळींवर काट मारली. अंक जवळ ओढला, नववं पान काढलं आणि सवयीने ते खिडकीच्या उजेडाकडे तिरपं धरलं. बऱ्याच वेळाने ती लिहू लागली. "पान नऊ. घोडीचा एक पाय पाण्यात आहे आणि मागचे दोन अजून काठावरच अडलेत. त्या मागच्या पायांची भीती चार रेषांत आली आहे. मान वळवलेली नाही, हे फार चांगलं केलंत. काठावरचं गवत मात्र घाईत काढलंय."

लिहून झाल्यावर ती घाबरली. आज, या घटकेला, असं लिहायचं? तिने वर पाहिलं. मिचियो तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होती.

"घाईतच काढलं होतं," ती म्हणाली. "चारच्या आत टपालात टाकायचं होतं. पुढे लिहा."