दाजींची कॅन्टोनीज

केस कापताना बोलत राहणं हा कामाचाच भाग आहे, असं दाजींचं ठाम मत होतं. मेव्हणा दाजी म्हणे, म्हणून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली. दुकानात खुर्च्या दोन. खिडकीजवळची दाजींची, नळाजवळची मेव्हण्याची.

कोपऱ्यावरचे चिनी घड्याळवाले म्हातारबा वर्षानुवर्षं खिडकीजवळ बसत. मेव्हणा दुकानात कामाला आला आणि काही दिवसांतच ते नळाजवळ सरकले. तिथे ते आपल्या कॅन्टोनीजमध्ये, म्हणजे दक्षिण चीनकडच्या भाषेत, अखंड बोलत, मधूनच हसत; मेव्हणा घशातून ‘हं’ काढी. दाजींच्या पोटात दुखू लागलं. पठ्ठ्यानं गुपचूप भाषा शिकून आपलं गिऱ्हाईक पळवलं, याविषयी त्यांना शंका उरली नाही.

“माझ्या भावावर जळत बसण्यापेक्षा तुम्हीही शिका की,” बायको म्हणाली. सल्ला चांगला होता. त्यातला भाऊ तेवढा नको होता.

पहिलं अ‍ॅप ‘चिनी’ शिकवत होतं. महिनाभर घोकून दाजींनी म्हातारबांची तब्येत विचारली. म्हातारबांनी अदबीनं मान हलवली आणि ते नळाकडे गेले. दाजी शिकले होते ती मँडरिन, म्हणजे चीनमधली दुसरीच भाषा निघाली. दुसरं अ‍ॅप कॅन्टोनीजचंच होतं, पण ‘कासव दूध पितं’ असली वाक्यं पाठ केली की बक्षीस म्हणून तारे द्यायचं. कासवाची हजामत करण्याचा योग दिसत नव्हता. भाषांतराचं अ‍ॅप बातम्या दिल्यासारखं बोले. शिवाय ओल्या हातांनी ते दाबायचं कसं? शेवटी घरगुती गप्पांचे धडे सापडले. कमी वेगात, एका कानात इअरफोन घालून ऐकायचे. जोडीला आवाजाची रेघ काढून दाखवणारं अ‍ॅप, कारण या भाषेत सूर चुकला की अर्थ फिरतो. दाजींची रेघ शिकाऊ हातानं मारलेल्या भांगासारखी येई. हळूहळू ती वळणावर आली.

आणि एका सकाळी नळाजवळचं बोलणं उलगडू लागलं.

“हात तुझ्या दाजीचाच चांगला,” म्हातारबा मेव्हण्याला सांगत होते. “पण त्याचं तोंड थांबत नाही. तुला एक अक्षर कळत नाही, म्हणून तुझ्यापाशी मोकळं होता येतं.”

“हं,” मेव्हणा म्हणाला.

दाजींची कात्री हवेतच राहिली. ज्या विद्येवर ते इतके दिवस जळत होते, ती अख्ख्या दुकानात त्यांना एकट्यालाच येत होती, आणि आता ती दाखवायची सोय नव्हती.

पुढल्या खेपेला मेव्हणा एका दाढीत अडकला होता. म्हातारबा नाइलाजानं खिडकीजवळ टेकले. दाजींनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि तोंड मिटलं. थोड्या वेळानं म्हातारबा बोलू लागले. दुखरा गुडघा, बंद पडलेली घड्याळं, मग गेलेली बायको. दाजींना निम्मंशिम्मं कळलं. उत्तरादाखल एक अख्खं, बिनचूक सुरातलं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. ते त्यांनी गिळलं.

“हं,” दाजी म्हणाले.

म्हातारबा पुन्हा खिडकीजवळचे झाले. मेव्हणा समजला, दाजींच्या नव्या भाषेनंच गिऱ्हाईक परत नेलं. मग दुकान झाडता झाडता हळूच म्हणाला, “दाजी, तुम्ही कोणतं अ‍ॅप घेतलं होतं हो? मलाही सांगा ना.”

दाजींनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. घरचाच माणूस तो. त्यांनी फोन पुसून मेव्हण्याला पहिलं अ‍ॅप दाखवलं.

“हे घे. मी सुरुवात यानंच केली.”